दीडशे फॉर्म झाले नाहीत, म्हणून प्रोजेक्ट वाया गेला का?

पत्र थोडक्यात असं: पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने छोट्या संशोधन प्रकल्पासाठी 'मोबाइलचा तरुणांच्या अभ्यासावर होणारा परिणाम' हा विषय घेतलाय. ३८ प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म करून सगळ्या ग्रुपवर टाकला, महिनाभरात ३१ जणांनी भरला. सगळे म्हणतात निदान १५० तरी हवेत. गाइड सर 'विषय फार मोठा आहे, नेमका कर' एवढंच म्हणाले आणि त्यानंतरच्या मेसेजला उत्तर नाही. हातात ९ आठवडे आहेत. जवळची मैत्रीण म्हणते उरलेले फॉर्म आपणच बसून भरू, सगळे तेच करतात. त्यात आलेल्या ३१ फॉर्ममध्ये जास्त मोबाइल वापरणाऱ्यांना मार्क कमी, असं काही दिसत पण नाहीये. ती विचारते, 'माझं गृहीतकच चुकलं का? आता विषय बदलू की कसंतरी उरकून टाकू?'

उत्तर:

आधी त्या फॉर्म भरण्याबद्दल बोलू, कारण ते ठरल्याशिवाय पुढचं काही बोलून उपयोग नाही. नको भरूस. एकसुद्धा नको. पकडली जाशील म्हणून सांगत नाहीये, जरी तीही शक्यता आहेच, कारण माणूस मनाने आकडे लिहायला बसला की ते फार गुळगुळीत येतात, सगळे मधलेच, टोकाचं उत्तर कोणी देतच नाही, आणि ज्यांनी खरा डेटा पाहिलाय त्यांना ते खटकतं. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. आत्ता तुझ्याकडे ३१ खऱ्या माणसांची खरी उत्तरं आहेत, कोणीतरी स्वतःचा वेळ काढून ती तुला दिलीत. त्यात ११९ खोटी मिसळलीस की ती ३१ पण गेली, कारण मग त्या टेबलातल्या कुठल्याच आकड्यावर तुझा स्वतःचा विश्वास राहणार नाही, आणि तोंडी परीक्षेत कोणी साधं 'हे असं का आलं असेल?' विचारलं तरी तुला उत्तर शोधावं नाही लागणार, रचावं लागेल. मैत्रीण वाईट नाहीये, तुझी घालमेल बघून बोलतेय. तिची मदत घे, पुढे सांगते कशासाठी.

आता मला सांग, हे १५० आले कुठून? पत्रात तू लिहिलंयस 'सगळे म्हणतात'. सर म्हणाले का? नियमात लिहिलंय का? लिहिलं असेल तर प्रश्न वेगळा, तो सरांशी बोलूनच सुटेल. पण बहुतेक वेळा हा आकडा एका बॅचकडून दुसरीकडे नुसता पास होत आलेला असतो आणि त्यामागे काहीच हिशोब नसतो. किती माणसं लागतील हे तू काय विचारतेयस त्यावर ठरतं. समजा तुला 'इतके टक्के विद्यार्थी असं करतात' असं सांगायचंय आणि माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडलीयत, तर ३१ जणांत तुझा टक्का साधारण १८ ने इकडेतिकडे होऊ शकतो, १५० मध्ये ८ ने, ४०० मध्ये ५ ने. म्हणजे ३१ वरून टक्केवारीचं मोठं विधान करता येत नाही, बरोबर. पण १५० वरूनही फार नेमकं काही सांगता येत नाही, आणि तू माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेलीच नाहीयेस. फॉर्म ग्रुपवर टाकला, ज्यांना भरावासा वाटला त्यांनी भरला. कोण भरतं असा फॉर्म? जे त्या वेळी फोनवर होते, ज्यांना विषयात रस होता, जे तुझे मित्र आहेत. असे १५० नाही १५०० आले तरी उत्तरांचा असा एका बाजूला असलेला कल तसाच राहणार.

याचं जुनं उदाहरण आहे, सर्व्हे करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी लोकांना पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यांनी छापलं की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात समोरचे उमेदवार रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने अगदी थोड्या, पण विचार करून निवडलेल्या लोकांवरून निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या होत्या, म्हणजे मंदीच्या काळात सुस्थितीतल्या लोकांच्या, आणि त्यातूनही ज्यांनी हौसेने उत्तर पाठवलं त्यांचाच आवाज मोजला गेला. वीस लाखांची ही गत, तर १५० साठी जीव काढण्यात काय अर्थ आहे.

आणि कमी माणसांवर काम होत नाही हेही खरं नाही. १९०८ मध्ये विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारा माणूस नेमका याच अडचणीत होता, नमुने मोजकेच मिळायचे, त्यावरून कितपत खात्रीने बोलायचं? त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने जो पेपर लिहिला त्यातूनच आज सगळे वापरतात ती टी-टेस्ट आली, म्हणजे सरासरींमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासायची पद्धत. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने विसरण्यावरचं आपलं काम छापलं, त्यात अभ्यासलेला माणूस एकच होता, तो स्वतः. तू असं कर म्हणत नाहीये, पण बघ, आकडा लहान होता आणि प्रश्न त्या आकड्याला झेपणारा होता.

इथेच तुझी खरी अडचण आहे असं मला वाटतं. सर जे एक वाक्य बोलले ना, 'विषय फार मोठा आहे', ते तू टोमणा म्हणून घेतलंस, आणि मला ते तुला मिळालेलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटतं. तुझा विषय नीट वाच. मोबाइलचा म्हणजे कशाचा, रील्स बघण्याचा, की नोट्स वाचण्याचा, की घरच्यांशी बोलण्याचा? तरुणांच्या म्हणजे कोणत्या? अभ्यास म्हणजे तास, की लक्ष लागणं, की मार्क? आणि सगळ्यात जड शब्द आहे 'परिणाम'. परिणाम म्हटलं की तुला दाखवायला लागतं की मोबाइलमुळे अभ्यास कमी झाला. एकदा भरून घेतलेल्या फॉर्मवरून ते दाखवताच येत नाही, माणसं कितीही असोत. कारण उलटंही असू शकतं की ज्याला अभ्यासात गोडी नाही तो मोबाइल हातात घेतो, किंवा एखाद्याची झोपच होत नाहीये आणि त्यामुळे दोन्ही गोष्टी घडतायत. तुझ्या फॉर्ममध्ये हे तिन्ही सारखेच दिसतील.

मग तीन रस्ते उरतात.

एक, आहे त्या ३१ फॉर्मवर रिपोर्ट लिहायचा, नावातला 'परिणाम' काढून 'वापराच्या सवयी' असं काहीतरी करायचं, आणि मर्यादा स्पष्ट लिहायच्या. हे प्रामाणिक आहे, पास पण होशील, पण ३८ प्रश्नांचे ३८ पाय चार्ट काढलेला रिपोर्ट होईल आणि तुला स्वतःला त्यातून काही कळलं असं वाटणार नाही. वेळ ९ ऐवजी ३ आठवडे असता तर मी हेच सांगितलं असतं.

दोन, फॉर्म बाजूला ठेवून सहा-सात जणांच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या. अभ्यासाला बसल्यावर फोन हातात कधी येतो, नेमकं काय झालेलं असतं त्याच्या आधी, हे माणसं बोलताना जेवढं सांगतात तेवढं फॉर्ममध्ये कधीच सांगत नाहीत. ज्यांना ऐकायची आवड आहे त्यांनी हा रस्ता जरूर घ्यावा, पण सोपा समजून घेऊ नये, तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात आणि त्यातून मुद्दे काढणं ही त्यापुढची मेहनत.

तीन, याच विषयातला एक छोटा तुकडा उचलायचा जो ९ आठवड्यांत, ओळखीच्या तीसेक माणसांवर, खरोखर मोजता येईल. तुझ्यासाठी मला हा पटतो. एक तुकडा सुचवते, हाच घे असं नाही, पण विचार कसा चालतो ते कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाइल आणि अभ्यास यावरच्या कितीतरी सर्व्हेंमध्ये माणसाला विचारलेलं असतं, 'रोज किती तास फोन वापरता?' आणि तो जे सांगेल ते खरं धरलेलं असतं. तूही तेच केलंयस, आणि म्हणूनच तुझ्या ३१ फॉर्ममध्ये काही दिसत नाहीये ही एक शक्यता आहे. आता तो आकडा फोनमध्येच नोंदलेला असतो. मग प्रश्न असा: आपल्या वर्गातले विद्यार्थी कालच्या दिवसाचा स्क्रीन टाइम जेवढा सांगतात आणि फोन जेवढा दाखवतो, त्यात किती फरक पडतो? बस, एवढंच. प्रत्येक माणसाचे दोन आकडे, अंदाज आणि नोंद. इथे तुलना त्याच माणसाची त्याच्याशीच होते, त्यामुळे दोन वेगळ्या गटांची तुलना करायला लागतील त्यापेक्षा कमी माणसांत काम भागतं, २५-३० मध्ये बोलण्यासारखं काहीतरी हाताला लागतं. हे आधी झालेलं आहे हं, २०२१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आलाय आणि त्यात सांगितलेला वापर आणि नोंदलेला वापर यांचं नातं मध्यमच निघालं. 'अरे, मग माझं नवीन काय?' असं वाटून घेऊ नकोस. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला जगात पहिलं असावं लागत नाही, तुझ्या वर्गात तसंच दिसतं का हे अजून कोणी बघितलेलं नाही, आणि शिवाय तुझा निकाल ताडून बघायला आधीचं काहीतरी हाताशी आहे ही सोयच झाली.

प्रश्न पुरेसा लहान झालाय का हे ओळखायची एक युक्ती आहे, कुठल्याही विषयाला चालते. डेटा गोळा करायच्या आधीच रिकामं टेबल काढायचं. वर रकान्यांची नावं, आत काही नाही. खाली निष्कर्षाचं वाक्य लिहायचं, आकड्यांच्या जागी रिकाम्या जागा सोडून: 'अमुक जणांपैकी अमुक जणांनी स्वतःचा वापर खऱ्यापेक्षा निदान अर्धा तास कमी सांगितला.' हे वाक्य लिहिता आलं तर तुझ्याकडे प्रश्न आहे. नाही आलं, तर तुझ्याकडे अजून फक्त विषय आहे. तुझ्या ३८ प्रश्नांना हीच कसोटी लाव, प्रत्येकापुढे लिही की हे उत्तर मी कुठल्या टेबलात टाकणार. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो प्रश्न काढून टाक, भले तो कितीही छान वाटो. माझा अंदाज आहे सहा-सात उरतील, आणि एवढे प्रश्न माणूस कंटाळा न करता भरतो.

शब्दांवरही थांब जरा. 'तुम्ही मोबाइलवर किती वेळ वाया घालवता?' असा प्रश्न बऱ्याच फॉर्ममध्ये असतो, तुझ्यातही असेल कदाचित. त्यात उत्तर आधीच कोंबलंय. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. कोणाला विचारलं गाड्या 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा, कोणाला 'एकमेकींना लागल्या' तेव्हा. फिल्म त्याच, पण पहिल्यांनी सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास वेग सांगितला आणि ज्यांना सगळ्यात मवाळ क्रियापद मिळालं त्यांनी ३२ च्या आसपास. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो. म्हणून साधं विचार, 'काल दिवसभरात फोनची स्क्रीन एकूण किती वेळ चालू होती असं वाटतं? तास आणि मिनिटं लिहा.' 'कधीकधी', 'बऱ्याचदा', 'खूप' असे पर्याय ठेवू नकोस, तुझं खूप आणि माझं खूप वेगळं असतं.

आता प्रत्यक्ष करताना. लिंक ग्रुपवर टाकू नकोस, समोर बसून घे, प्रत्येकी पाच मिनिटं लागतील. कारण आधी अंदाज आणि मगच फोनमधला आकडा हा क्रम पाळला गेला पाहिजे, लिंक पाठवलीस तर माणूस आधी फोनमध्ये डोकावून 'अंदाज' लिहील. 'आज'चा आकडा घेऊ नकोस, दिवस अर्धाच झालेला असतो, कालचा घे, आणि मंगळवार ते शुक्रवार यातलेच दिवस धर म्हणजे 'काल' सुट्टीचा येणार नाही. ज्यांच्या फोनमध्ये ती नोंद बंद आहे, ज्यांच्याकडे दोन फोन आहेत, ज्यांचा फोन घरात अजून कोणी वापरतं, त्यांचं काय करायचं हे पहिल्या माणसाला भेटायच्या आधी ठरव आणि वहीत लिहून ठेव. असे किती जण गाळले तेही रिपोर्टमध्ये यायला हवं. स्क्रीनशॉट मागू नकोस, त्यात कोण कुठलं ॲप किती वापरतं ते सगळं दिसतं आणि तो त्यांचा खाजगी मामला आहे, एकूण आकडा तेवढा त्यांनाच वाचून सांगू दे. नाव घेऊ नकोस, नंबर दे. सुरुवातीला दोन ओळीत सांग की हे कशासाठी आहे, नाही म्हणायचं असेल तर म्हणता येतं, मधेच सोडता येतं. कोणी १८ च्या आतलं असेल तर पालकांची परवानगी लागेल, ते सरांना विचार. तुझ्या कॉलेजात नीतिसमितीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) मान्यता लागते का हेही आत्ताच विचार, डेटा झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणि मैत्रिणीला इथे घे. खरे फॉर्म सुरू करायच्या आधी ती आणि अजून चार-पाच जण यांच्यावर पायलट, म्हणजे छोटी आधीची चाचणी, कर. शेजारी बस, प्रश्न मोठ्याने वाचायला सांग आणि 'तुला काय कळलं?' विचार. कुठे अडखळतात ते बघ. फार विद्यार्थी ही पायरी गाळतात, आणि मग शंभर फॉर्म आल्यावर कळतं की चौथ्या प्रश्नाचा अर्थ अर्ध्यांनी वेगळाच घेतला होता. पायलटची उत्तरं मुख्य डेटात मिसळायची नाहीत एवढं लक्षात ठेव. तुझे जुने ३१ फॉर्म पण असेच वापर, रिपोर्टमध्ये सरळ लिही की आधी इतक्या प्रश्नांचा फॉर्म घेतला, त्यात या या अडचणी दिसल्या, म्हणून प्रश्न असा बदलला. तो महिना वाया गेलेला नाही, तो तुझ्या कामाचा पहिला टप्पा आहे आणि तसा लिहिला तर वाचणाऱ्याला तुझी विचार करायची पद्धत दिसेल.

आता ती भीती, 'काहीच फरक आला नाही तर?' तू लिहिलंयस की गृहीतक चुकलं. गृहीतक म्हणजे तू घेतलेली बाजू नव्हे गं, की ती हरली म्हणजे तू हरलीस. तपासायला ठेवलेलं ते एक विधान असतं, तपासलं, टिकलं नाही, हेच उत्तर. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी प्रकाशाच्या वेगातला जो फरक शोधायला अतिशय नाजूक प्रयोग उभा केला तो फरक त्यांना सापडलाच नाही, आणि भौतिकशास्त्रात त्या 'सापडलं नाही'ला केवढं मोल आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात बघ. तुझ्या प्रोजेक्टमध्ये फरक दिसला नाही तर 'आमच्या ३० जणांत ठळक फरक दिसला नाही' असं लिही. 'फरक नसतोच' असं मात्र लिहू नकोस, कारण ३० जणांत लहानसा फरक लपून राहू शकतो.

याचीच दुसरी बाजू पण सांगायला हवी, कारण फसवणूक करायची अजिबात इच्छा नसलेली मुलंही यात अडकतात. काही दिसत नाही म्हटल्यावर डेटा कापायला लागतात, आता मुलं-मुली वेगळे करून बघू, आता हॉस्टेलवाले वेगळे, आता फक्त सकाळी उठणारे. पाच टक्क्यांची पातळी धरून (म्हणजे खरं काही नसतानाही फरक 'दिसण्याची' शक्यता शंभरात पाच) अशा २० तुलना केल्या तर खरं काही नसतानाही सरासरी एक तरी 'सापडते', निव्वळ योगायोगाने. म्हणून मुख्य तुलना कोणती ते आधीच लिहून, तारीख टाकून सरांना पाठव. फार तर एक जोडतुलना ठेव, उदाहरणार्थ जे स्वतःचा स्क्रीन टाइम एरवीही बघतात त्यांचा अंदाज जास्त जवळ येतो का. बाकी जे सहज दिसलं ते 'पुढे तपासायला हवं' या भागात.

आकडेमोडीला साधं एक्सेल पुरे. मूळ फाइल एक कॉपी करून बंद ठेव, तिला हात लावायचा नाही, काम दुसऱ्या कॉपीवर. सूत्र चालवायच्या आधी ठिपक्यांचा आलेख काढ, आडव्या अक्षावर अंदाज, उभ्यावर नोंद. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्बने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट करून दाखवले होते, प्रत्येकात ११ बिंदू, सरासरी, विचलन (आकडे किती पसरलेत), सहसंबंध (दोन आकडे कितपत बरोबर वरखाली होतात) सगळं जवळजवळ तंतोतंत सारखं, आणि आलेख काढले की चारही पूर्णपणे वेगळे. तुझ्याकडे एखादा १३ तासवाला असेल तर तो सरासरी एकटा ओढून नेईल, म्हणून सरासरीबरोबर मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) पण दे. आणि ३० माणसांत '४३.३३ टक्के' असं लिहू नकोस, '३० पैकी १३' लिही, वाचणाऱ्याला लगेच कळतं आकडा केवढा आहे.

संदर्भांबद्दल थोडक्यात. तीस पेपरची नावं चिकटवण्यापेक्षा सात-आठ खरंच वाच, पद्धत आणि मर्यादा हे भाग तर नक्कीच. एआयला विचारून संदर्भ घेत असशील तर प्रत्येक पेपर उघडून बघितल्याशिवाय यादीत टाकू नकोस, अस्तित्वातच नसलेले पेपर ती साधनं बिनधास्त देतात. झोटेरोसारखं संदर्भ साठवून यादी करून देणारं फुकट सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापर, शेवटच्या रात्रीचे हाल वाचतील.

वेळेचं गणित. ९ आठवडे ऐकायला बरे वाटतात. १९९४ मध्ये बुलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी असाच प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं किती दिवसांत संपेल. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेलंही पुरलं नाही. म्हणून तू मागून मोज. शेवटचा आठवडा छपाई, सही, काहीतरी बिघडणार त्यासाठी पूर्ण मोकळा सोड. त्याआधीचे दोन लिहिण्याचे आणि सरांच्या दुरुस्त्यांचे. त्याआधीचा एक आकडेमोडीचा. डेटा गोळा करायला तीन धर, कारण आठवड्यातले चारच दिवस चालणारेत आणि माणसं वेळ देऊन येत नाहीत. राहिले दोन, त्यात प्रश्न पक्का करणं, मान्यता, पायलट. बघ, किती लवकर भरले. आणि लिहिणं शेवटासाठी राखून ठेवू नकोस. पद्धतीचा भाग पायलट झाला त्याच आठवड्यात लिहून होतो, तेव्हा सगळं डोक्यात ताजं असतं, कोणाला का गाळलं, प्रश्न का बदलला, दोन महिन्यांनी यातलं निम्मं आठवत नाही. एक वही कर आणि रोज जे ठरलं ते तारखेसकट लिही.

ज्यांचा विषय सर्व्हेचा नाही, बियाण्यांचा आहे, पाण्याच्या चाचणीचा आहे, जुन्या कागदपत्रांचा आहे, त्यांनाही रिकामं टेबल, पायलट, तारखेची वही आणि मागून मोजलेले आठवडे हे सगळं जसंच्या तसं लागू पडतं. प्रयोग असेल तर एक भर, प्रत्येक मोजमाप निदान तीनदा घ्या आणि तुलनेसाठी काहीच न केलेला एक गट ठेवा, नाहीतर जे दिसलं ते तुमच्या प्रयोगामुळे की एरवीही तसंच झालं असतं हे सांगता येत नाही.

राहिले सर. ते उत्तर देत नाहीत म्हणजे रागावलेत असं तू धरून चाललीयस. मला वाटतं तुझे मेसेज उत्तर द्यायला अवघड होते. 'सर, आता काय करू?' याचं उत्तर फोनवर दोन ओळीत देता येत नाही, म्हणून ते मागे पडत जातं. असा मेसेज पाठव ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल. साधारण असं: 'सर, तुम्ही विषय नेमका करायला सांगितला होता. मी प्रश्न असा केलाय: वर्गातल्या ३० जणांनी सांगितलेला आणि फोनमध्ये नोंदलेला कालचा स्क्रीन टाइम यात किती फरक आहे. आधीचे ३१ फॉर्म पहिला टप्पा म्हणून दाखवेन. प्रश्न, रिकामं टेबल आणि आठवड्यांचं वेळापत्रक एका पानावर जोडलंय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंदवलेलं शीर्षक तेच ठेवून खाली उपशीर्षक दिलं तर चालेल का? आणि किमान सॅम्पलची काही अट आहे का? बुधवारी किंवा गुरुवारी लेक्चरनंतर १० मिनिटं भेटू शकते.' त्या दिवशी स्टाफरूमबाहेर जाऊन उभी राहा, मेसेजवर भिस्त ठेवू नकोस. आणि अट खरंच १५० ची निघाली, तर तिथल्या तिथे विचार की ३० जणांची ही तुलना आणि जोडीला तोच छोटा सहा प्रश्नांचा फॉर्म बाकीच्यांकडून, असं दोन भागात केलं तर चालेल का. सहा प्रश्न असतील तर वर्गावर्गात जाऊन खरे १२० फॉर्म एका आठवड्यात मिळतात, त्यासाठी शिक्षकांकडून लेक्चरची शेवटची पाच मिनिटं मागून घ्यावी लागतील, आणि तेवढी ते देतात.